इंजिन जाम झाले म्हणून गाडी भंगार होत नाही

आमच्या मनमाडला वस्तीतील बुद्धविहाराच्या मागे थोडे मोकळे पटांगण आहे. तेथे लिंबाच्या झाडाखाली एक ट्रक तीन पावसाळे उभा होता. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली, तेव्हा मालकाने स्वतः चालवत आणून तो तेथे लावला होता. मालक आमच्याच वस्तीतले. वडील धान्याच्या गोदामात पोती वाहत. हे क्लिनर म्हणून ट्रकवर चढले, पुढे ड्रायव्हर झाले आणि वीस वर्षे दुसऱ्याची गाडी चालवल्यावर कर्ज काढून त्यांनी हा २००८ सालचा, सहा सिलिंडरचा जुना ट्रक घेतला. कर्ज फेडले. घराचे दोन खोल्यांचे पक्के बांधकाम केले. २०२१ च्या एप्रिलमध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत ते कालकथित झाले. ट्रक होता तेथेच राहिला.

२०२३ च्या जानेवारीत पौर्णिमेची वंदना आटोपल्यावर त्यांच्या पत्नीने मला विहाराच्या पायरीवर थांबवले. आम्ही सगळे त्यांना वहिनी म्हणतो.

"जयभीम, भाऊसाहेब. भंगारवाला येऊन गेला. नव्वद हजार म्हणतोय. सही कुठं करायची तेवढं सांगा."

मी कारकून माणूस. वस्तीत कोणाचा दाखला, कोणाचा अर्ज, कोणाचे पेन्शनचे कागद, हे काम माझ्याकडे येते. सही कोठे करायची ते मी सांगू शकलो असतो. पण ज्या वस्तूवर एका कुटुंबाने आयुष्य घातले, ती किलोच्या भावाने जाण्याआधी तिला नेमके काय झाले आहे ते तरी कोणी पाहिले का, असे मी विचारले. वहिनी म्हणाल्या, "सगळे म्हणतात इंजिन जाम झालंय. उघडून कुणीच नाही पाहिलं."

पुढे जे घडले ते वाचक बंधू-भगिनींसाठी सविस्तर लिहीत आहे. आपल्या समाजात अनेकांच्या घरी जुना टेम्पो, ट्रक, ट्रॅक्टर आहे. तो एक दिवस बंद पडतो आणि त्याच्याबरोबर घराची चूल बंद पडायची वेळ येते. तेव्हा घाई न करता काय करावे, हे प्रत्येक घराला माहीत असणे आवश्यक आहे.

न उघडताच निदान

वहिनींच्या मुलाने, तो तेव्हा एकोणीस वर्षांचा होता, आधी आपल्या परीने प्रयत्न केले होते. बॅटरी मागून आणली, चावी फिरवली. सेल्फचा 'टक्' असा एकच आवाज आला, दिवे मंद झाले आणि पुढे काही नाही. मग मित्रांनी एक ट्रॅक्टर आणला, साखळदंड बांधला, ट्रक गिअरमध्ये टाकला आणि ओढला. मागची चाके फिरलीच नाहीत. जमिनीवर दोन चर पडले, तेवढेच.

नंतर एका गॅरेजवाल्याला बोलावले. त्याने बॉनेट उघडून पाहिले, सेल्फ मारला आणि म्हणाला, "इंजिन सीझ झालंय. पूर्ण इंजिन उतरवावं लागेल. एक लाख ऐंशी हजार धरून चाला." हे निदान करायला त्याला पाच मिनिटे लागली.

नात्यातल्या एका आजींनी वेगळेच निदान केले. धनी गेला त्या साली गाडी बसली, म्हणजे गाडी अपशकुनी, तिच्यावरून नारळ उतरवा आणि मग विका. वहिनींनी त्यांना सरळ सांगितले, "आजी, आम्ही बावीस प्रतिज्ञा घेतल्यात. लोखंडाला अमावस्या कळत नाही."

गंमत अशी की गॅरेजवाल्याचे निदान आणि आजींचे निदान यांत फारसा फरक नव्हता. दोघांनीही आत डोकावून पाहिले नव्हते.

मिस्त्रीकाकांचा पहिला प्रश्न

एस.टी.च्या कार्यशाळेतून निवृत्त झालेले एक मिस्त्री आमच्या वस्तीच्या टोकाला राहतात. वय सत्तरीच्या पुढे. आम्ही त्यांना मिस्त्रीकाका म्हणतो. त्यांच्याकडे मी आणि तो मुलगा गेलो. ते लगेच पाने घेऊन निघाले नाहीत. त्यांनी मुलाला समोर बसवले आणि विचारले, "गाडी उभी केली तेव्हा चालत होती का?"

"हो काका. पप्पांनी स्वतः चालवत आणली."

"धूर? ठोक्याचा आवाज? पाणी उकळत होतं?"

"काहीच नाही."

"मग ती चालताना मेली नाही. उभी असताना आखडली. या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे."

त्यांनी जे समजावले ते थोडक्यात असे. इंजिनात सिलिंडर नावाची नळी असते. तिच्या आत लायनर बसवलेला असतो आणि त्यात पिस्टन वर-खाली होतो. पिस्टनला लोखंडी रिंगा असतात, त्या लायनरच्या भिंतीला चिकटून घासत जातात. पिस्टनची ही वर-खाली हालचाल कनेक्टिंग रॉडच्या मार्फत क्रँकला गोल फिरवते. क्रँक ज्या बेअरिंगांवर फिरतो, तेथे ऑइलचा पातळ थर असतो. यातला एक जरी भाग धरला गेला की सगळे इंजिन अडते. म्हणून 'इंजिन जाम' हे रोगाचे नाव नाही, ते लक्षण आहे. ताप आला म्हणजे तो हिवतापाचा, विषमज्वराचा की साध्या सर्दीचा, ते शोधावे लागते, तसेच हे.

जाम होण्याची कारणे त्यांनी बोटांवर मोजून दाखवली.

पहिले कारण उष्णता. रेडिएटरचे पाणी संपले आणि तशीच गाडी चालवली, तर पिस्टन तापून फुगतो. पिस्टन अॅल्युमिनियमच्या मिश्र धातूचा आणि लायनर बिडाचा. अॅल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते, म्हणून पिस्टन लायनरमध्ये आवळला जातो. अशी गाडी आधी ओढत नाही, तापाचा काटा वर जातो आणि मग ती थांबते.

दुसरे कारण ऑइल. ऑइल संपले किंवा त्याचा पंप बिघडला, तर बेअरिंग कोरडे पडते आणि क्रँकला धरून बसते. त्याआधी खालून ठोक्याचा आवाज येतो. ऑइल काढले तर त्यात धातूची चमकी दिसते.

तिसरे कारण सिलिंडरमध्ये साचलेले पाणी. पुराच्या पाण्यातून गाडी घातली किंवा हेडचे पॅकिंग फुटले, तर पाणी आत शिरते. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. पिस्टन जागीच अडतो आणि जोर लावला तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

चौथे कारण गंज. गाडी महिनोन् महिने उभी राहिली, ओल आत गेली, की रिंगा लायनरला गंजाने चिकटतात.

"आणि पाचवं," काका म्हणाले, "इंजिनाला काहीच झालेलं नसतं. बॅटरी बसलेली असते, सेल्फचा दात अडकलेला असतो, नाहीतर हवेचा कॉम्प्रेसर धरलेला असतो. लोक इंजिन उतरवून मोकळे होतात. म्हणून पाचवं आधी बघायचं."

आमच्या कार्यालयात वर्षअखेर ताळेबंद जुळला नाही, तर आम्ही सगळ्या वह्या नव्याने लिहायला घेत नाही. आधी बेरीज पाहतो, मग पुढे ओढलेली बाकी, मग एकेक नोंद. काकांची रीत हीच होती. फक्त त्यांच्या वहीची पाने लोखंडाची होती.

बाहेरून आत

दुसऱ्या रविवारी काम सुरू झाले. काकांनी एकाही पान्याला हात लावला नाही. सगळे त्या मुलाकडून करून घेतले.

आधी चाकांना दगड लावले, गिअर न्यूट्रल केला आणि बॅटरीची वायर सोडली. कोणी चुकून चावी फिरवली तर हात जाऊ नये म्हणून. मग पट्टे सैल करून पाण्याचा पंप आणि डायनामो हाताने फिरवून पाहिले. दोन्ही फिरत होते. त्यानंतर सेल्फ उतरवला, कारण त्याचा दात फ्लायव्हीलमध्ये अडकून राहिला तर इंजिन जाम झाल्यासारखेच वाटते. दात मोकळा होता. कॉम्प्रेसरही तपासला. पाचवे कारण बाद झाले.

मग ऑइलची पट्टी काढली. पातळी बरोबर होती आणि ऑइल काळे होते. ऑइल दुधाळ दिसले असते, तर त्यात पाणी मिसळले असे समजायचे. चेंबरचा बोल्ट सोडून ऑइल पांढऱ्या बादलीत काढले. पाणी ऑइलपेक्षा जड, म्हणून असलेच तर ते आधी बाहेर येते. पाणी आले नाही. काकांनी ऑइल बोटांत चोळून उन्हात धरले. चमकी नव्हती. दुसरे कारणही बहुतेक बाद. रेडिएटरमध्ये पाणी खाली गेले होते, पण गाडी तापलेली नव्हती हे आधीच कळले होते. पहिले कारण गेले.

नंतर सहाही नोझल काढले. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवेला सोळा ते वीस पट दाबतो, त्या दाबाने हवा पाचशे अंश सेल्सिअसच्या वर तापते आणि नोझलमधून आलेले डिझेल आपोआप पेटते. हा दाब इतका असतो की नोझल जागेवर असताना एकट्या माणसाला चांगले इंजिनही हाताने फिरवणे जड जाते, आणि त्याला वाटते की इंजिन जाम आहे. नोझल काढल्यावर दाब सुटतो आणि खरे काय ते कळते. शिवाय सिलिंडरमध्ये पाणी साचलेले असेल तर त्याला बाहेर पडायला वाट मिळते.

सहा नोझल मुलाने एका फळीवर क्रमाने मांडले. पाचांची टोके काजळीने काळी होती. तिसऱ्याचे टोक तांबडे होते.

"बोल आता," काका म्हणाले.

"तिसऱ्यात गंज आहे."

"कुठून आला?"

मुलाने हवेच्या गाळणीपासून इंजिनाकडे जाणारा रबरी पाइप चाचपला. वरच्या बाजूला हातभर चीर होती. तीन पावसाळ्यांचे पाणी झाडावरून ठिबकत त्या चिरेतून आत गेले होते. इंजिन थांबते तेव्हा कोणत्या ना कोणत्या सिलिंडरचा हवा घेणारा व्हॉल्व्ह उघडा राहतो. येथे तो तिसऱ्याचा होता. एवढेच कारण. पाइपची किंमत काही शेकड्यांत होती आणि त्याच्यापायी एक ट्रक भंगारात चालला होता.

जोर नाही, धीर

काकांनी तिसऱ्या सिलिंडरमध्ये, आणि थोडे थोडे बाकीच्यांतही, डिझेल आणि इंजिन ऑइल यांचे मिश्रण नोझलच्या भोकांतून ओतायला लावले. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. "गंजाला भिजायला वेळ द्यावा लागतो. घाईचा माणूस रॉड वाकवतो," असे ते म्हणत.

मध्यंतरी वरचे झाकण काढून टपेट आणि व्हॉल्व्ह पाहिले. हे फार महत्त्वाचे आहे. एखादा व्हॉल्व्ह उघडाच अडकलेला असेल आणि आपण क्रँक फिरवला, तर पिस्टन वर येऊन त्याला धडकतो. तिसऱ्याचा एक व्हॉल्व्ह खरोखरच अडकला होता. त्याच्यावरचा दांडा आधी सैल केला.

पाचव्या दिवशी क्रँकच्या पुढच्या नटाला मोठा गोटी पाना लावून त्यावर लांब पाइप चढवला आणि सावकाश दाब दिला. काही हलले नाही. मुलगा पाइपवर उभा राहायला निघाला. काकांनी त्याला खाली उतरवले. ट्रॅक्टरने ओढले तेव्हाच रॉड वाकायचा, तो नशिबाने नव्हे तर चाके घसरली म्हणून वाचला, असे ते म्हणाले. सातव्या दिवशी पाना बोटभर सरकला. मग मागे, मग पुढे, मग पुन्हा मागे. दर वेळी थोडे जास्त. पाव फेरा झाल्यावर पाना एका जागी थांबू लागला.

येथेही काकांनी जोर लावू दिला नाही. "आता आत बघायचं," म्हणाले. हेड उतरवले. तिसऱ्या लायनरला मध्यावर गंजाचे कडे बसले होते. नखाला खाच लागत होती. बाकीचे पाच चकचकीत होते. चेंबर खाली घेऊन बेअरिंगच्या टोप्या एकेक करून तपासल्या, त्याही चांगल्या निघाल्या. काम ठरले ते असे : एका सिलिंडरचा लायनर, पिस्टन आणि रिंगा नव्या, हेड आणि व्हॉल्व्हचे काम लेथवर, सगळी पॅकिंग नवी, नोझल आणि डिझेल पंप तपासून घेणे. पूर्ण इंजिनाची गरज नव्हती.

इंजिन पुन्हा जोडल्यावर आधी नवे ऑइल आणि नवी गाळणी घातली. नोझल न बसवता सेल्फने इंजिन थोडे थोडे फिरवले. त्यामुळे आत राहिलेले ऑइल बाहेर फेकले गेले आणि ऑइलचा दाब काट्यावर आला. दाब आल्याशिवाय गाडी चालू करायची नाही, हा नियम. मग नोझल बसवले, डिझेलच्या लाइनमधली हवा काढली. चालू करताना काकांनी एका पोराला हवेच्या तोंडाजवळ लाकडी फळी घेऊन उभे केले. सिलिंडरमध्ये राहिलेल्या ऑइलवर इंजिन कधी कधी आपोआप वेगाने पळत सुटते, चावी बंद करूनही थांबत नाही. तेव्हा हवा बंद करणे एवढाच उपाय असतो. तोही फळीने. हाताने किंवा फडक्याने कधीही नाही, ते आत ओढले जाते.

मार्चच्या पहिल्या रविवारी इंजिन चालू झाले. आधी पांढरा, मग निळसर धूर आला आणि दहा मिनिटांत तो विरला. वहिनी ओट्यावर उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. आत गेल्या आणि सगळ्यांसाठी चहा ठेवला.

हिशेब

आता खर्च. वहिनींनी पहिल्या दिवसापासून वही ठेवली होती, त्यातूनच देतो. ऑइल आणि गाळण्या ६,४०० रुपये. एका सिलिंडरचा लायनर, पिस्टन, रिंगा ५,८००. पॅकिंगचा संच ४,५००. नोझल आणि डिझेल पंप ९,०००. हेड आणि व्हॉल्व्हचे लेथकाम ५,०००. रबरी पाइप, पट्टे आणि किरकोळ २,३००. बॅटऱ्या, जुन्या परत देऊन, १२,५००. मजुरी ८,०००. एकूण ५३,५०० रुपये. मिस्त्रीकाकांनी स्वतःसाठी काही घेतले नाही. मजुरी लेथपर्यंत सामान नेणाऱ्या-आणणाऱ्या आणि हेड उचलणाऱ्या पोरांना वाटली.

कोणाची फसगत होऊ नये म्हणून हेही सांगतो. इंजिन चालू झाले म्हणजे गाडी रस्त्यावर आली असे नाही. टायर, विमा, थकलेला कर आणि फिटनेस यांचा खर्च वेगळा आला आणि तो लहान नव्हता. आठ वर्षांपेक्षा जुन्या मालवाहू गाडीला फिटनेस दर वर्षी घ्यावा लागतो. मालक वारल्यावर वारसाने ३० दिवसांत आर.टी.ओ.ला कळवायचे असते आणि तीन महिन्यांत नमुना ३१ भरून गाडी आपल्या नावावर करायची असते. वहिनींना हे कोणी सांगितले नव्हते, त्यामुळे विलंबाचा दंड भरावा लागला. आणि गाडी भंगारात द्यायची झाली, तरी नोंदणी रद्द करून घेतल्याशिवाय देऊ नये. नाहीतर गाडी जाते आणि तिची कागदावरची जबाबदारी आपल्याच नावावर राहते.

प्रत्येक जाम इंजिन असे सुटते असेही नाही. क्रँक धरलेला असता, रॉड वाकलेला असता, तर कदाचित भंगारवाल्याचाच आकडा मान्य करावा लागला असता. पण तो निर्णय पाहून घेतला असता, न पाहता नाही. वहिनी मला तेव्हाच म्हणाल्या होत्या, "विकायचीच झाली तर काय मोडलंय ते बघून विकीन. आंधळ्यानं नाही विकणार."

पाना कोणाच्या हातात

या निमित्ताने एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९३८ च्या फेब्रुवारीत आमच्या याच मनमाडला रेल्वेतील दलित कामगारांची परिषद झाली. अध्यक्षस्थानी बाबासाहेब होते. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, हे त्यांनी याच परिषदेत सांगितले, ते आपण नेहमी सांगतो. त्याच भाषणात त्यांनी आणखी एक गोष्ट मांडली, ती आपण कमी सांगतो. रेल्वेच्या कारखान्यात आपला माणूस मेकॅनिक म्हणून क्वचितच घेतला जातो, फोरमन तर त्याहून क्वचित. तो हमाल म्हणून लागतो आणि शेवटपर्यंत हमालच राहतो, असे त्यांनी दाखवून दिले. गिरण्यांतही चांगल्या मजुरीच्या विणकाम खात्यात आपल्याला शिरकाव नव्हता. म्हणजे प्रश्न केवळ पोटाचा नव्हता, हुन्नराचा होता. ओझे उचलायला हात चालत होते, पाना धरायला ते हात चालत नव्हते.

मिस्त्रीकाकांच्या पिढीने तो पाना मिळवला. त्यांनी सांगितले की कार्यशाळेत सुरुवातीला कोणी त्यांना काम शिकवत नसे. सामान पुसायला देत. ते पुसता पुसता प्रत्येक भाग कोठे बसतो ते पाहत आणि घरी येऊन वहीत त्याचे चित्र काढत. त्या वह्या त्यांच्याकडे आजही आहेत. काम संपल्यावर त्यांनी त्या मुलाच्या हातात दिल्या.

आणि ही विद्या आता संपत आली आहे असेही कोणी समजू नये. १ एप्रिल २०२० पासून देशात बी.एस.-६ च्या नव्या गाड्या आल्या. त्यांच्या इंजिनांवर संगणकाचे नियंत्रण आहे, त्यांची तपासणी यंत्र जोडून होते. पण पिस्टन, रिंगा, लायनर आणि बेअरिंग त्यांतही तेच आहे. ज्याला मूळ कळते त्याला नवे यंत्र शिकता येते. ज्याला फक्त यंत्रावरचा आकडा वाचता येतो, तो अडतो.

केसपुत्तच्या कालामांना भगवान बुद्धांनी सांगितले की, परंपरेने आले आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा सांगणारा मोठा आहे म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या. आपण हे विहारात ऐकतो आणि बाहेर पडल्यावर गॅरेजवाल्याचे, दलालाचे, बुवाचे म्हणणे न पारखता मान्य करतो. प्रत्येक दुःखाला कारण असते आणि कारण सापडले तर उपाय असतो, हा धम्माचा पाया आहे. मिस्त्रीकाकांनी त्या सात दिवसांत हेच त्या मुलाला पान्याने शिकवले.

गाडी उभी ठेवायची असेल तर

टाळेबंदी पुन्हा येवो न येवो, आजारपण, कर्ज, कोर्टाचे काम अशा कारणांनी गाड्या उभ्या राहतातच. तेव्हा एवढे करा. उभी करण्याआधी ऑइल बदला, जुन्या ऑइलमधील आम्ल आतून खात राहते. रेडिएटरमध्ये नुसते पाणी न ठेवता कूलंट घाला. हवेचे तोंड आणि सायलेन्सरचे तोंड प्लास्टिकने बांधा आणि ते बांधले आहे अशी चिठ्ठी स्टिअरिंगला लावा. बॅटरीची वायर सोडून ठेवा. शक्य असेल तर दर पंधरा दिवसांनी गाडी चालू करून ती चांगली तापेपर्यंत चालू राहू द्या. दोन मिनिटे चालवून बंद केल्याने उलट ओल वाढते. आणि घरातल्या एका तरी बाईला आणि एका तरी मुलाला हे सगळे माहीत असू द्या. मालकाबरोबर माहिती जाता कामा नये.

तो ट्रक सध्या विटा आणि कांदा वाहतो. वहिनींच्या पतीबरोबर काम केलेले एक जुने ड्रायव्हर तो चालवतात. हिशेबाची वही वहिनींकडे आहे आणि डिझेलची पावती आल्याशिवाय त्या भाडे जमा धरत नाहीत. मालवाहू गाडीच्या परवान्यासाठी वीस वर्षे पूर्ण लागतात, म्हणून मुलाला तेव्हा ट्रक चालवता येत नव्हता. तो दहावीनंतर घरी बसला होता. त्याच वर्षी आम्ही त्याचा आय.टी.आय.चा अर्ज भरला. डिझेल मेकॅनिकचा एक वर्षाचा अभ्यासक्रम, पात्रता दहावी उत्तीर्ण. तो उत्तीर्ण झाला आहे.

आपल्या वस्तीत असे एखादे मिस्त्रीकाका, एखादी शिवणकाम जाणणारी मावशी, एखादे निवृत्त वायरमन असतीलच. त्यांची विद्या त्यांच्याबरोबर जाऊ देऊ नका. विहारात रविवारी वंदनेनंतर तासभर त्यांना बोलवा आणि पोरापोरींना समोर बसवा. आमच्या विहारात हे सुरू झाले आहे. पहिल्या रविवारी काकांनी एक जुना पिस्टन आणला होता. तिसऱ्या सिलिंडरचाच.

जयभीम.